रिलीनाचं बिनशस्त्राचं राज्य: 'गंडम विंग'चा ब्लू-रे संच घ्यावा का?

राजकन्या चांगली आहे. तिच्या तोंडी भाषणं भरपूर घातली आहेत, पण त्या भाषणांमागे उभी राहणारी माणसं लिहायला लेखक विसरले आणि त्यांना ती थेट पुढच्या कथेत आठवली. 'मोबाईल सूट गंडम विंग' या जपानी अॅनिमे (चलच्चित्र) मालिकेचा ब्लू-रे संच घ्यावा का, असं विचारणाऱ्याला हे आधी सांगितलेलं बरं, कारण ही मालिका आवडणं किंवा डोक्यात जाणं शेवटी रिलीना पीसक्राफ्टवर येऊन ठरतं. पाच पोरं, पाच गंडम (माणूस आत बसून चालवतो ते महाकाय लढाऊ यंत्रमानव), त्यातलं पांढऱ्या पंखांचं विंग झीरो, यावर कुणाचं भांडण होत नाही. रिलीनावर होतं. नाशिकच्या कॉलेज रोडच्या कट्ट्यावर अॅनिमे बघणारं एखादं टोळकं बसलेलं असेल तर तिचं नाव काढून बघा, अर्धा तास सहज जातो.

आधी मालाबद्दल. मालिका जपानच्या टीव्ही असाही वाहिनीवर ७ एप्रिल १९९५ ते २९ मार्च १९९६ या काळात लागली. निर्मिती सनराइझ या स्टुडिओची, दिग्दर्शन मासाशी इकेदा यांचं, संगीत को ओतानी यांचं. भाग ४९, प्रत्येक साधारण २४ मिनिटांचा. मार्च २००० मध्ये ती अमेरिकेत कार्टून नेटवर्कच्या टूनामी या कार्यक्रमपट्ट्यात आली आणि जपानबाहेर गंडम हे नाव खऱ्या अर्थाने रुळलं ते तिथून. उत्तर अमेरिकेसाठी राइट स्टफ या कंपनीने काढलेल्या संचात ही मालिका दोन खोक्यांत आहे. त्यानंतरची 'एंडलेस वॉल्ट्झ' ही कथा वेगळी विकत घ्यावी लागते, आणि ती वेगळी पडते हीच या खरेदीतली सगळ्यात मोठी अडचण आहे. का, ते पुढे येईल.

डिस्क नाशिकमध्ये चालेल का? सरळ चालणार नाही. ब्लू-रेचे जगभरात तीन विभाग आहेत: ए, बी आणि सी. अमेरिका आणि जपान ए मध्ये येतात, भारत सी मध्ये. इथल्या दुकानातून घेतलेला प्लेअर सी विभागाचा असला आणि डिस्कच्या डबीवर पृथ्वीच्या छोट्या चिन्हात ए असला, तर पडद्यावर विभाग चुकल्याचा संदेश येतो आणि गाडी तिथेच थांबते. डिस्क खराब आहे असं समजून ती परत पाठवण्याची घाई करू नका. डीव्हीडीची विभागणी निराळी: भारत ५, अमेरिका १, जपान २. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये विभाग बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्या वेळी जो विभाग ठेवाल तो कायमचा. दोन मित्रांकडून दोन वेगळ्या देशांच्या डिस्क आणून ड्राइव्ह इकडून तिकडे फिरवत बसलात, की हा कोटा एका शनिवार-रविवारात संपतो.

लॅपटॉपला बाहेरून ब्लू-रे ड्राइव्ह जोडायचा बेत असेल तर आणखी एक खड्डा आहे. विकतच्या ब्लू-रेवर कूटबद्ध कुलूप असतं. फुकट मिळणारे नेहमीचे व्हिडिओ प्लेअर ते उघडत नाहीत, त्यासाठी परवाना असलेला प्लेअर-सॉफ्टवेअर लागतो. ड्राइव्हच्या खोक्यात तो दिलाय का, हे पैसे भरण्याआधी बघा. तो वेगळा घ्यावा लागला तर स्वस्त ड्राइव्ह महागात पडतो. परदेशातून मागवताना डिस्कच्या किमतीवर आयात शुल्क आणि कुरियरवाल्याचं हाताळणी शुल्क निराळं लागतं, तेही धरून ठेवा. दोन खोकी आणि 'एंडलेस वॉल्ट्झ' एकाच पार्सलात मागवलं तर निदान हाताळणी शुल्क एकदाच बसतं.

चित्र उत्तम आहे, पण टीव्ही ते बिघडवतो. ही १९९५ ची, सेलवर (पारदर्शक पत्र्यावर) हाताने रंगवलेली मालिका आहे. चौकट ४:३ ची, म्हणजे आजच्या रुंद पडद्यावर डावीकडे आणि उजवीकडे काळे पट्टे येणारच. घरातले कुणीतरी रिमोट घेऊन 'पडदा भरा' करतात आणि रिलीनाचा चेहरा भाकरीसारखा पसरतो. चित्राचं प्रमाण 'मूळ' वर ठेवा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय पूर्ण बंद करा. अशा मालिकेत सेकंदाला २४ चौकटी असल्या तरी बऱ्याच ठिकाणी एकच चित्र दोन-तीन चौकटी टिकवलेलं असतं. टीव्ही मधल्या जागा स्वतःच्या मनाने भरायला लागला की तलवारीच्या टोकाभोवती ओघळ दिसायला लागतात. शार्पनेस अगदी खाली, चित्र गाळून गुळगुळीत करणारी 'नॉइज रिडक्शन' बंद. चित्रात जो बारीक दाणा दिसतो तो मूळ फिल्मचा आहे. तो पुसायला गेलात तर शाईच्या रेषाही पुसल्या जातात. ध्वनी दोन वाहिन्यांचा, साधा स्टिरिओ आहे. साउंडबारवर खोटा सराउंड लावला की भाषणं संगीताखाली बुडतात, आणि या मालिकेत भाषणं बुडाली तर हाती काय उरणार?

आता भाषा. मराठी नाही, हिंदी नाही. जपानी आवाज आणि इंग्रजी उपशीर्षकं, किंवा सरळ इंग्रजी डब. आमचं मत जपानीच्या बाजूने, कारण रिलीनाचा आवाज अकिको याजिमा यांचा आहे. जपानीत शिनचॅनचा मूळ आवाजही त्यांचाच, १९९२ पासून २०१८ पर्यंत. आपल्याकडे शिनचॅन हिंदीतून घराघरांत पोहोचला, त्यामुळे ही ओळख आपोआप होत नाही, पण एकदा कळली की राजसिंहासनावरून निःशस्त्रीकरणाचं आवाहन करणारा तो संयत आवाज ऐकताना गंमत वाटते. त्या आवाजात कुठेही रडका सूर नाही. इंग्रजी डब व्हँकुव्हरमधला, वाईट नाही, पण त्यात रिलीना दोन-चार वर्षांनी मोठी वाटते आणि तिची जिद्द हट्टीपणासारखी ऐकू येते. निम्म्या लोकांना ती आवडत नाही, त्याचं एक कारण हे असावं असा आमचा संशय आहे.

डबबद्दल एक तपशील जुन्या प्रेक्षकांसाठी. अमेरिकेत दुपारी काटछाट केलेली आवृत्ती लागायची आणि मध्यरात्री अखंड. दुपारच्या आवृत्तीत 'मारीन' या शब्दाला बंदी होती. पहिल्या भागात विंग गंडम चालवणारा पोरगा हीरो युई रिलीनाने दिलेलं वाढदिवसाचं आमंत्रण तिच्यासमोर फाडतो, तिच्या डोळ्यांतलं पाणी टिपतो आणि कानाशी म्हणतो, 'तुला ठार मारीन.' दुपारच्या प्रेक्षकाला तिथे 'नष्ट करीन' ऐकवलं गेलं. जालावरची जुनी तुकडेबाज चित्रफीत बघून मत बनवलं असेल तर ते दुरुस्त करून घ्या.

उपशीर्षकांत एक शब्द सतत येतो, त्याचा अर्थ लावून ठेवा. जपानीत तो 'कान्झेन हेइवा शुगी'. शब्दशः म्हणजे संपूर्ण शांततावाद. मराठी कान त्याला चटकन 'अहिंसा' म्हणून ऐकतो आणि तिथेच गल्लत होते. अहिंसा हे आपल्याकडे आधी माणसाच्या वागण्याचं व्रत आहे. रिलीनाचा शब्द हे राज्याचं धोरण आहे: सैन्य ठेवायचं नाही, शस्त्रं बनवायची नाहीत, कुठल्याही युतीत जायचं नाही. ती स्वतः संत नाही. पित्याच्या खुनाचा सूड म्हणून ओझ या लष्करी संघटनेच्या अधिकारी लेडी ऊनवर पिस्तूल रोखणारी मुलगी हीच. तिला संत समजून पाहिलं तर ते दृश्य विसंगत वाटतं. धोरण शोधत निघालेली पंधरा वर्षांची मुलगी समजून पाहिलं तर अगदी बरोबर बसतं.

कथा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काळ कथेतल्या कालगणनेचं आफ्टर कॉलनी १९५ हे वर्ष. पृथ्वीवरची सत्ता, म्हणजे 'आघाडी', अंतराळातल्या वसाहतींना दडपून ठेवते, वसाहती पाच पोरांना पाच गंडम देऊन खाली सोडतात. रिलीना परराष्ट्र उपमंत्री डार्लियन यांची मुलगी म्हणून वाढलेली. पाचव्या भागात लेडी ऊनने ठेवलेल्या स्फोटकाने डार्लियन मरतात आणि जाता जाता सांगतात की ती त्यांची मुलगी नाही, उद्ध्वस्त झालेल्या सँक राज्याची राजकन्या आहे. शत्रूच्या, म्हणजे ओझच्या, गोटातला मुखवटेवाला वीर झेक्स हा तिचा सख्खा भाऊ मिलियार्डो. (नावांत आकडे लपवलेले आहेत: दुओ दोन, त्रोवा फ्रेंच तीन, कात्र चार, वूफे चिनी पाच, झेक्स जर्मन सहा, नोइन नऊ, ट्रेझ तेरा. एकदा लक्षात आलं की पात्रं पाठ होतात.)

रिलीनाची खरी परीक्षा सँक राज्यात होते, आणि मालिकेचं सगळ्यात सकस आणि सगळ्यात कच्चं लेखन दोन्ही तिथेच आहे. ती राज्य पुन्हा उभं करते, शाळा काढते, जगभरातल्या सरदार घराण्यांची मुलं तिथे शिकायला येतात. वर्गात शांततावादाची चर्चा चालते. डोरोथी कॅटलोनिया ही, ओझच्या पाठीशी असलेल्या सरदारांच्या रोमफेलर फाउंडेशनमधल्या ड्यूक डरमेलची नात, तिथे येते आणि युद्ध किती सुंदर असतं ते हसत हसत सांगते. या दोघींची जुगलबंदी मालिकेतल्या कुठल्याही तलवारबाजीपेक्षा धारदार आहे. डोरोथी रिलीनाला खोटं पाडत नाही, तिचं फक्त कौतुक करत राहते, आणि त्या कौतुकाने रिलीना अधिक उघडी पडते. लेकी बोले सुने लागे, तसला प्रकार.

दरम्यान मागच्या दाराने काय चालतं? ओझ सोडून आलेली नोइन राज्याच्या रक्षणासाठी गुपचूप मोबाईल सूट (गंडमसारखेच लढाऊ यंत्रमानव) ठेवते. गंडमचालक हीरो आणि कात्र येऊन लढतात. म्हणजे बिनशस्त्राचं राज्य टिकतं ते उसन्या शस्त्रांवर. रिलीनाला हे कळतं, खुपतं, पण त्याचं ती काय करते? फार काही नाही. इथे लेखकांनी तिला कोंडीत आणून ठेवलंय आणि कोंडीतून वाट काढायची वेळ आली की लगेच लढाई दाखवलीय. देवळालीच्या तोफखान्याचा सराव आणि ओझरहून उडणाऱ्या विमानांचा आवाज कानावर घेत वाढलेल्या नाशिककराला हे आणखीच खटकतं. शस्त्र ही काही आकाशातून पडणारी चीज नव्हे. त्यामागे कारखाना असतो, कारखान्यात माणसं असतात, त्यांची पोटं त्यावर असतात. ओझरचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला आणि त्याच्या भोवती सगळं गाव वसलं. 'सगळ्यांनी शस्त्रं टाका' म्हणणारीने ती बनवणाऱ्यांशी एकदा तरी बोलायला हवं होतं. ४९ भागांत ती बोलत नाही. सरदारांशी बोलते, सेनापतींशी बोलते, भावाशी बोलते.

हे म्हणणं जास्तच होतंय असं वाटत असेल तर पंचवटीत जाऊन काळाराम मंदिराच्या दारात जरा उभं राहा. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे नाशिकचे कार्यकर्ते त्याच्या व्यवस्थेत होते. चार दरवाजे, चारही दरवाजांवर सत्याग्रहींच्या तुकड्या, कोण कधी बसणार याचं वेळापत्रक, बाहेरगावाहून आलेल्यांच्या राहण्या-खाण्याची सोय. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. लढा सुमारे पाच वर्षं चालला आणि दार तेव्हा उघडलं नाहीच. शस्त्र न उचलता लढायचं म्हणजे किती मनुष्यबळ, किती नियोजन आणि किती मार खाण्याची तयारी लागते, हे या गावाने बघितलेलं आहे. रिलीनाच्या सँकमध्ये यातलं काही नाही. प्रजा दिसते ती पळताना. पोहरा सोनेरी आहे, पण आडातच पाणी दाखवलेलं नाही.

तरीही छत्तिसावा भाग बघताना तिच्याबद्दलचा राग उतरतो. रोमफेलरच्या फौजा दारात, आत हीरो वगैरे शेवटपर्यंत लढायला तयार, आणि रिलीना स्वतः राज्य बरखास्त करून शरण जाते. कारण साधं आहे: आणखी माणसं मरायला नकोत. कुठलाही मोठा संवाद नाही, डोळ्यांत पाणी नाही. तत्त्व राखायचं की माणसं, असा पेच आला तेव्हा तिने तत्त्वाचं राज्य सोडलं. युद्धाच्या मालिकांत नायिका सहसा उलटं करतात. तत्त्वासाठी सगळ्यांना मरू देतात आणि वर संगीत वाजतं.

पुढे रोमफेलर तिला 'जगाची राणी' म्हणून सिंहासनावर बसवतं, अडतिसाव्या भागात. डरमेलला शोभेची बाहुली हवी असते. रिलीना त्याच सिंहासनाचा वापर करून फाउंडेशनमधले सरदार आपल्याकडे वळवते, अगदी सनदशीरपणे. दोन भागांत. हो, फक्त दोन! चाळिसाव्या भागात ओझचा पूर्वीचा प्रमुख ट्रेझ येतो आणि तिला बाजूला करतो. एवढा मोठा डाव, ज्यात आदर्शवाद पहिल्यांदा राजकारण बनतो, तो लेखकांनी पन्नास मिनिटांत गुंडाळला. याउलट सत्ताविसावा आणि अठ्ठाविसावा हे दोन पूर्ण भाग जुन्या दृश्यांच्या उजळणीला दिलेत. ते दोन भाग राणी रिलीनाला मिळाले असते तर मालिकेबद्दलची अर्धी तक्रार मिटली असती.

मग लिब्रा नावाची युद्धनौका. वसाहतींतल्या बंडखोरांच्या व्हाइट फँगचा नेता बनलेला सख्खा भाऊ पृथ्वीवर ही अजस्र नौका पाडायला निघालेला, आणि बहीण नि:शस्त्र त्याच्या नौकेवर जाऊन त्याला समजावते. तो ऐकत नाही. बरेच प्रेक्षक इथे म्हणतात, बघा, बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. आमचं मत वेगळं आहे. तिचं अपयश प्रामाणिक आहे. मालिकेने तिला चमत्कार करून दिला नाही, भाऊ बहिणीच्या एका वाक्याने विरघळला नाही. पृथ्वी वाचते ती शेवटी हीरोच्या बंदुकीने, आणि रिलीनाला हे माहीत आहे. युद्ध संपल्यावर ती राणी होत नाही, पीसक्राफ्ट हे नावही पुढे करत नाही. वडिलांच्या नावाने, उपमंत्री डार्लियन म्हणून कामाला लागते. दफ्तर, बैठका, प्रवास. शेवटच्या भागात ती हीरोचं पत्र फाडते आणि पहिल्या भागाचा हिशेब चुकता करते, तोही रडून नाही, हसून.

आता बघायचं कसं. पूर्ण मालिका बघायची असेल तर २७ आणि २८ सोडा. उरतात ४७ भाग. सुरुवातीचं गाणं, शेवटचं गाणं आणि पुढच्या भागाची झलक वगळली तर प्रत्येकी २१ मिनिटांच्या आसपास. एकूण साडेसोळा तास. रोज चार भाग धरले तर १२ दिवस. एका बैठकीत चारपेक्षा जास्त बघू नका, कारण पहिल्या २५ भागांत गट इतक्या वेळा बाजू बदलतात की ओझ कोणाचं आणि आघाडी कोणाची हे सहाव्या भागाला डोक्यातून निसटतं. कागदावर तीन रकाने करा: पृथ्वी, ओझ-रोमफेलर, वसाहती. पात्राने बाजू बदलली की बाण काढा. थट्टा वाटेल, पण हा कागद नसलेला प्रेक्षक हमखास विसाव्या भागाच्या आसपास मालिका सोडतो.

फक्त रिलीनासाठी बघायचं असेल तर हा क्रम पुरतो: १, ५, ६, ७, ९, ११, ३०, ३१, ३६, ३८, ४० आणि ४५ ते ४९. सोळा भाग, साडेपाच तासांच्या आसपास. सातवा भाग यात का, तर त्यात शांततावादी सेनापती नोव्हेंटाला हीरो चुकून मारतो. पुढे तो नोव्हेंटाच्या नातलगांच्या दारोदार जाऊन त्यांच्या हातात पिस्तूल देतो, हवं तर मला मारा म्हणून. रिलीनाचा शांततावाद भाषणातून कळतो, हीरोचा या प्रवासातून. दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय या दोघांना एकमेकांत काय दिसतं हे उलगडत नाही, आणि उरते फक्त 'मला मारायला ये' म्हणत मागे धावणारी मुलगी. सुरुवातीच्या भागांत ती खरंच तशी वागते. त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पहिल्या दहा भागांतली रिलीना वैताग आणते.

इतर राजकन्यांशी तुलना करायची तर 'गंडम सीड' (२००२) मधली लॅकस क्लाइन ही नावाला राजकन्या नाही, पण चाहते तिला तसंच वागवतात. ती शांततेची गाणी गाते आणि वेळ आली की सरकारी गंडम पळवून योग्य माणसाच्या हाती देते. हुशार आहे, पण तिचा शांततावाद युद्धनौकेच्या डेकवरून बोलतो. 'गंडम डबल ओ' (२००७) मधली मरीना इस्माईल गरीब देशाची राजकन्या, मदतीसाठी देशोदेशी फिरणारी. तिची हतबलता खरी वाटते, पण तिच्या हाती कथेने काहीच दिलेलं नाही. 'कोड गियास' (२००६) मधली युफेमिया या सगळ्यांत व्यवहारी. तिच्याकडे ठोस योजना असते, एक विशेष प्रशासकीय प्रदेश. त्या योजनेचं काय होतं ते सांगत नाही, ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवून अजून त्रास होत असेल. या रांगेत रिलीना मधोमध बसते: मरीनापेक्षा हातात जास्त, युफेमियापेक्षा योजना कमी.

राहिली 'एंडलेस वॉल्ट्झ'. १९९७ मध्ये तीन भागांत आली, मग जोडून चित्रपट झाला, साधारण दीड तासाचा. चित्रपट-आवृत्तीत काही दृश्यं वाढवली आहेत आणि शेवटचं गाणं बदललंय. एकच बघायची तर चित्रपट बघा, सलग परिणाम जास्त चांगला होतो. काळ आफ्टर कॉलनी १९६ चा नाताळ. ट्रेझची सात वर्षांची मुलगी मारीमाया आणि तिच्या पाठीमागून दोऱ्या ओढणारा डेकिम बार्टन पृथ्वीवर कब्जा करतात, उपमंत्री डार्लियनला, म्हणजे रिलीनाला, पळवून नेतात. गंडमच्या लढाया आहेतच, विंग झीरोच्या पंखांचं जे नवं रूप खेळण्यांच्या दुकानांत दिसतं ते इथलं. पण बघायची गोष्ट वेगळी आहे. ब्रसेल्समध्ये सामान्य माणसं नि:शस्त्र रस्त्यावर उतरतात. कुणी हुकूम दिलेला नसतो. पोरं, म्हातारे, कामावरून परतणारे, सगळे येऊन उभे राहतात. सँकच्या सबंध कथेत जी प्रजा फक्त पळताना दिसली, ती इथे पहिल्यांदा थांबते.

आणि आत, तळघरात, रिलीना मारीमायाच्या कानाखाली वाजवते. चार क्षणांनंतर डेकिमची गोळी रिलीनाकडे येते आणि ती झेलायला मारीमायाच मध्ये पडते. शांततावादी राजकन्येने लहान मुलीवर हात उचलणं योग्य का, यावर वाद घालता येईल. घालाच. संच आणि 'एंडलेस वॉल्ट्झ' दोन्ही परवडत नसतील तर आधी वर दिलेले सोळा भाग कुणाकडून तरी उसने घेऊन बघा आणि पैसे 'एंडलेस वॉल्ट्झ'वर घाला. उलटं केलंत, मोठी खोकी घेतलीत आणि ही डिस्क राहू दिलीत, तर कपाटात रिलीनाची भाषणं राहतील, आणि ती ऐकून रस्त्यावर आलेली माणसं दुसऱ्याच्या कपाटात.